स्वातंत्र्याच्या तारखा : जळकोट परिसराच्या आठवणींच्या निमित्ताने

१५ ऑगस्ट १९४७ रोजी जळकोट कोणत्या देशात होते, हा प्रश्न वर्गात विचारला तर मुले क्षणाचाही विचार न करता ‘भारतात’ असे उत्तर देतात. त्यांचा दोष नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या रात्री दिल्लीत दिवे लागलेले असतात आणि ते सगळ्या देशात एकदमच लागले असे वाक्य पुढे सरकते. प्रत्यक्षात त्या दिवशी जळकोट, उदगीर, कंधार, मुखेड, अहमदपूर हा सगळा पट्टा भारतात नव्हता, पाकिस्तानातही नव्हता. ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले होते आणि हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून महिन्यातच फर्मान काढून आपण यापुढे स्वतंत्र राहणार असे जाहीर केले होते. देश स्वतंत्र झाला आणि त्याच तारखेला आपला राजाही ‘स्वतंत्र’ झाला. त्या दुसऱ्या स्वातंत्र्यातून सुटायला प्रजेला आणखी तेरा महिने आणि दोन दिवस लागले.

या पुस्तकात त्या तेरा महिन्यांच्या आणि त्यांच्या आगेमागच्या काळाच्या आठवणी आहेत. आठवणी सांगणारे बहुतेकजण तेव्हा लहान होते, काहींनी फक्त आईबापांकडून ऐकलेले आहे. प्रस्तावनेचे काम त्या आठवणींना प्रमाणपत्र देण्याचे नाही. त्या कोणत्या जमिनीवर उभ्या आहेत एवढे दाखवले तरी पुरे.

आधी एक खुलासा. जळकोट म्हटले की बाहेरच्या माणसाला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गाजवळचे, तुळजापूर तालुक्यातले जळकोट आठवते. आपले जळकोट ते नव्हे. हे बालाघाटाच्या रांगेतले, तिरू नदीच्या खोऱ्याजवळचे, वांजरवाडा, घोणसी, अतनूर, माळहिप्परगा या गावांचे. तालुका म्हणून त्याचा जन्म १९९९ चा, आणि ज्या लातूर जिल्ह्यात तो मोडतो तो १९८२ चा. म्हणजे आजचा प्रशासकीय पत्ता स्वातंत्र्यसंग्रामापेक्षा पुष्कळ तरुण आहे. निजामाच्या काळात ही गावे बीदर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर होती आणि बीदर जिल्ह्यात मराठी, कानडी, तेलुगू या तिन्ही भाषांचे तालुके एका कचेरीखाली नांदत होते. इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात दखनी, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात येतात, त्याचे मूळ या जुन्या पत्त्यात आहे.

आता जमिनीकडे वळू. वसाहतवाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोरा कलेक्टर, रेल्वे आणि मिठावरचा कर उभा राहतो. मराठवाड्यात गोरा कलेक्टर नव्हता. म्हणून ‘आमच्याकडे इंग्रज नव्हते, निजाम होता’ असे सर्रास बोलले जाते. हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग नीट पाहिल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. मुघलांचा दख्खनचा सुभेदार निजाम-उल-मुल्क याने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझ खानाचा पाडाव केला आणि तो नावापुरताच दिल्लीचा उरला. मराठ्यांनी या घराण्याला अनेकदा हरवले. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजांना खाली पाहायला लावले ते इथून हाकेच्या अंतरावर, उदगिरला. भाऊ तिथूनच उत्तरेला निघाले आणि वर्षभरात पानिपत झाले. उदगीरची पोरे किल्ला दाखवताना विजयाची गोष्ट अभिमानाने सांगतात. विजयानंतर हा मुलूख निजामाकडेच कसा राहिला, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

त्याचे उत्तर १ सप्टेंबर १७९८ च्या तहात आहे. त्या दिवशी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तेव्हापासून हैदराबाद बाहेरच्या शत्रूपासून सुरक्षित झाले आणि आतल्या प्रजेपासूनही. याआधी राजा फारच जाचक झाला तर शेजारच्या सत्तेचा, बंडखोर सरदाराचा, निदान उपाशी शिपायांचा तरी धाक असे. आता तो उरला नाही. १८१९ मध्ये हटकर सरदार नौसाजी नाईकांनी नोव्ह्याच्या गढीत झुंज दिली तेव्हा त्यांच्यावर चालून आलेली फौज निजामाच्या नावाची होती, पण तिचे अधिकारी इंग्रज होते. हिंगोली, मोमिनाबाद, औरंगाबाद इथल्या छावण्यांचा खर्च निजामाच्या डोक्यावर होता. तो फेडता आला नाही म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. राज्य निजामाचे, बंदुका इंग्रजांच्या आणि पैसा रयतेचा, अशी ही वाटणी. डचांनी जावा बेटावर स्थानिक सरदारांकरवी आणि पुढे इंग्रजांनीच उत्तर नायजेरियात अमीरांकरवी राज्य चालवले त्याच जातीची ही व्यवस्था. तेव्हा जळकोटच्या शेतकऱ्याने इंग्रज पाहिला नसेल, पण ज्याच्यामुळे निजामाला कोणाचीच भीती उरली नाही तो इंग्रजच होता.

हे राज्य मोठे होते. सुमारे ८२ हजार चौरस मैल, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे दीड कोटीहून अधिक लोकवस्ती, सोळा जिल्हे. स्वतःचे ‘हाली शिक्का’ चलन, स्वतःची टपाल तिकिटे, स्वतःची रेल्वे, सीमेवर करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके. कचेरीत फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघते. जुन्या दस्तांत १३५७ फसली दिसले तर ते आपल्या १९४७-४८ चे. जमिनीचा सुमारे साठ टक्के भाग दिवाणीचा म्हणजे थेट सरकारी वसुलीचा, बाकीचा जहागिरदारांचा, पायगा सरदारांचा आणि ‘सर्फेखास’ म्हणजे निजामाच्या खासगी खर्चाचा. शेतसारा कोणाला द्यायचा, दाद कोणाकडे मागायची, वेठ कोण घेणार, हे सगळे आपले गाव यांपैकी कोणाकडे आहे यावर ठरे. जहागिरीतल्या माणसाला शंभर मैलांवरच्या निजामाहून चार कोसांवरचा जहागिरदार फार मोठा होता. आणि जहागिरदारापेक्षाही जवळ पाटील, कुलकर्णी, देशमुख होते. या वाड्यांपैकी काहींतून पुढे स्वातंत्र्यसैनिक निघाले, काहींनी रझाकारांना, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांना, धान्य पुरवले आणि काहींनी वाऱ्याची दिशा पाहून दोन्ही केले. या पुस्तकातल्या आठवणींत हे तिन्ही वाडे आहेत. वाचकाने नावे शोधत बसू नये. सांगणाऱ्यांनीच ती घेतलेली नाहीत, आणि ते शहाणपणाचे केले.

भाषेचा मामला तितकाच खोल. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. फक्त ती भारतीय भाषा उर्दू होती, आणि राज्यातल्या बहुसंख्य मुलांची ती घरची भाषा नव्हती. शंभरात दहाही माणसे साक्षर नसलेल्या राज्यात मराठी मुलगा वरच्या वर्गात गेला की भाषा बदलायची. खासगी शाळा काढायला परवानगी लागे. सभा घ्यायलाही लागे. १९२९ चे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक त्यासाठीच होते. त्यामुळे इथल्या राजकारणाचा पहिला धडा शाळेत आणि वाचनालयात गिरवला गेला. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय, हैदराबादचे विवेकवर्धिनी, परभणीचे गणेश वाचनालय ही नावे शिक्षणाच्या इतिहासात टाकून देऊ नयेत. तिथे माणसे जमत होती, आणि जमणे हाच गुन्हा होता. सिंदगीला जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याला शिक्षक म्हणून आले. त्यांचे पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. निजामाविरुद्धच्या चळवळीचा सर्वोच्च नेता मास्तर होता, ही गोष्ट मला त्यांच्या संन्यासापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. भगव्या कफनीचे फोटो पुष्कळ आहेत, हातात खडू घेतलेला एकही मी पाहिलेला नाही.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रह पेटला आणि इथे त्याला फार मोठा प्रतिसाद मिळाला, कारण उदगीर हे आर्य समाजाचे ठाणेच होते. भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे उदगीरचे दोघे भाऊ गावोगाव फिरत. श्यामलालजींचा १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. आज त्यांच्या नावाची शाळा उदगिरात आहे आणि जळकोट परिसरातले कित्येकजण तिथे शिकलेले आहेत. नोव्हेंबर १९३८ मध्ये उस्मानियातल्या विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल बाहेर काढण्यात आले. त्यांतले बरेचजण नागपूरला गेले. त्याच वर्षाच्या शेवटी, ३० डिसेंबरला, कन्नडजवळ मक्रणपूरला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. मुक्तिसंग्रामाच्या नेहमीच्या कथनात ती तळटीप म्हणूनही येत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाने निजाम जाणार म्हणून का नाचावे, गाव तर तेच राहणार होते, हा प्रश्न त्या परिषदेच्या मागे होता. श्यामसुंदर यांच्यासारखे काही दलित नेते निजामाच्या बाजूने गेले, तर आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. या मतभेदाला फितुरी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ज्याला दोन्हीकडून वेठच आहे त्याचा हिशेब वेगळा असतो.

रझाकारांविषयी इथे फार लिहीत नाही, पुढच्या पानांत ते आहेच. एवढेच ध्यानात असावे की कासिम रझवी हा कोणी दूरच्या राजधानीतला नेता नव्हता. तो लातूरला वकिली करायचा. १९४६ मध्ये मजलिसची, म्हणजे रझाकारांच्या मातृसंघटनेची, सूत्रे त्याच्या हाती आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. पुढे स्वातंत्र्य जाहीर केलेल्या निजामाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार केला तेव्हा खेड्यांतली परिस्थिती मात्र जैसे थे राहिलेली नव्हती.

स्टेट काँग्रेसने कृती समिती नेमून सीमेवर शिबिरे उभारली : बार्शी, पंढरपूर, उमरखेड, चांदा. शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे, करोडगिरीचे नाके जाळणे हे कार्यक्रम चालले. उमरीच्या बँकेवरचा छापा जानेवारी १९४८ चा. त्या पैशांवर शिबिरे तगली. ही गोष्ट प्रसिद्ध आहे आणि रोमहर्षकही. पण नकाशा उघडून जळकोट शोधा. इथून वऱ्हाडातले उमरखेड शंभर किलोमीटरहून दूर आणि बार्शी त्याहूनही. सीमेवरच्या गावांना रात्री पळून भारतीय हद्दीत जाता येत होते. इथल्यांना मधले चार-पाच तालुके आणि तितकीच पोलीस ठाणी ओलांडावी लागत. त्यामुळे इथला लढा सीमेवरचा नव्हता, पोटातला होता. बालाघाटाचे डोंगर, उदगीर तालुक्यातले हत्तीबेट, गावच्या गढ्या आणि गावकऱ्यांच्या किसान दलाची गावठी हत्यारे, एवढाच आसरा. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीतून गावकरी लढले आणि मेले. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरट्याला रझाकारांनी केलेले हत्याकांड ही तर सगळ्या बीदर जिल्ह्याची भळभळती जखम झाली. बाया-माणसे शेतात, ओढ्याच्या कपारीत, जोंधळ्याच्या उभ्या पिकात रात्री काढत. आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन यांची नावे छापली गेली, पण निरोप आणि भाकरी पोचवणाऱ्यांची छापली गेली नाहीत. ती या पुस्तकात थोडीफार सापडतात आणि त्याच कारणासाठी मला ते छापले जाणे आवश्यक वाटले.

सगळे मुसलमान रझाकार नव्हते, हे वाक्य आता भाषणापुरते झिजले आहे, म्हणून एक नाव सांगतो. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांना ठार मारण्यात आले.

त्याच ऑगस्टमध्ये निजाम सरकारने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेले. सिडने कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणून उतरवत होता. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ तारखेला जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शस्त्रे खाली ठेवली. आपल्याकडे याला अजूनही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात, जणू शेजारच्या ठाण्यातून फौजदार आला होता.

इथे बहुतेक पुस्तके संपतात. झेंडावंदन, राष्ट्रगीत, नावांची यादी. माझा आक्षेप नेमका या शेवटाला आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने नेहरूंच्या सांगण्यावरून १९४८ च्या अखेरीस राज्यात फिरून अहवाल दिला. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या, त्यांच्या सावध अंदाजाने, २७ ते ४० हजार. सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. यातल्या शेवटच्या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आपली गावे आहेत. लातूर शहरात तर कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली असे समितीने लिहिले आहे. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. त्याच अहवालात असेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. सरकारला तो दाबता आला, गावांना नाही. गावाने तो वेगळ्या पद्धतीने दाबला. बंद पडलेली मशीद, दुसऱ्याच्या नावावर चढलेले शेत, हैदराबादला कायमचे निघून गेलेले एखादे कुटुंब यांविषयी बोलताना म्हातारी माणसे आवाज खाली आणतात आणि विषय बदलतात. या संग्रहात दोन-तीन ठिकाणी त्यांनी विषय बदललेला नाही. संपादन करताना तो मजकूर काढावा असा आग्रह काहींनी धरला होता. तो ठेवला आहे. रझाकारांनी जे केले ते सांगण्याचा आपला अधिकार त्याने कमी होत नाही.

दुसरे असे की १७ सप्टेंबरला निजाम गेलाच नाही. सत्ता गेली, गादी राहिली. १९४९ अखेरपर्यंत लष्करी राज्यपाल, नंतर दिल्लीने नेमलेले मुख्यमंत्री वेल्लोडी, आणि १९५२ मध्ये निवडून आलेले बुरगुल रामकृष्णराव यांचे सरकार. या मधल्या काळात, २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत, राज्यघटनेप्रमाणे हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते तेच मीर उस्मान अली खान. ज्यांच्याविरुद्ध तुरुंगवास भोगला त्यांच्याच नावाने कारभार चालताना स्वातंत्र्यसैनिकांनी पाहिला. जहागिरी १५ ऑगस्ट १९४९ ला रद्द झाल्या. कूळ कायदा १९५० चा. ज्याच्या बापाने दुसऱ्याची जमीन कसली त्याच्यासाठी खरी तारीख ही, आणि तीही कायद्याच्या पुस्तकातली. कूळ म्हणून नाव पाहणीत, म्हणजे जमीन-पिकाच्या सरकारी नोंदवहीत, लागू नये यासाठी १९५० नंतर कोणी काय काय केले, याचा इतिहास मुक्तिसंग्रामापेक्षा लहान नाही. तो लिहिला गेलेला नाही इतकेच. मराठी शाळेत शिकणाऱ्या पोरासाठी तारीख १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला, बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले, बीदर आणि भालकी म्हैसूरला गेले, जहिराबाद आंध्रात. ज्या घरांच्या मुली भालकीला दिल्या होत्या त्यांचे सोयरे परराज्यातले झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तोवर इथल्या माणसाने एकाच घरात राहून निजामाचे राज्य, लष्करी अंमल, हैदराबाद राज्य, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र असे सगळे पाहून घेतले होते.

अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ ज्याने वाचलेला नाही त्याने या आठवणींकडे येण्याआधी तो वाचावा. निलंग्याला जन्मलेल्या आणि निजामाच्याच मुलकी सेवेत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’ही वाचावे, म्हणजे त्या राज्याची आतली बाजू कळेल. ते राज्य नुसता अंधार नव्हते, त्याला कचेऱ्या, शिस्त आणि चांगले अधिकारीही होते. त्याशिवाय ते सव्वादोनशे वर्षे टिकले नसते.

हे पुस्तक त्या ग्रंथांची जागा घेणार नाही. आठवणीत तारखा चुकतात, एका गावचा प्रसंग दुसऱ्या गावाला चिकटतो, आजोबांचे शौर्य नातवाच्या तोंडी वाढते. पडताळा घ्यायचा तर कागद लागतात, आणि तिथेच पुढच्या अभ्यासकाची खरी कसोटी आहे. या परिसराचे निजामकालीन दप्तर काही हैदराबादच्या अभिलेखागारात, म्हणजे तेलंगणात आहे, बीदर जिल्ह्याचे धागे कर्नाटकात आहेत, काही नांदेड आणि लातूरच्या कचेऱ्यांत आहे. बरेचसे उर्दूत, शिकस्ता वळणाच्या अक्षरात, गावपातळीवरचे मोडीत. उर्दू आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसे या तालुक्यात आता किती उरली असतील, हे मोजायला फार वेळ लागणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने या दोन लिप्या शिकून घेतल्या आणि वांजरवाडा किंवा अतनूर असे एकच गाव घेऊन १३४७ ते १३६६ फसलीपर्यंतची पाहणी ओळीने वाचली, तर या पुस्तकातल्या निम्म्या आठवणी दुरुस्त कराव्या लागतील. त्यासाठीच प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचे गाव आणि अंदाजे वय दिले आहे.